म्हैसूरची शिसवी चित्रं आणि आपली करवत

म्हैसूरला जाऊन आलेल्या बाईची बॅग उघडा. सिल्कची साडी, चंदनाचा साबण, म्हैसूरपाकाचा पुडा आणि उदबत्त्या एवढं हमखास निघणार. कधी कधी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं शिसवी लाकडाचं एखादं चित्रही निघतं. हत्तींची मिरवणूक, नाहीतर नारळीच्या झाडांआड मावळणारा सूर्य. ते दिवाणखान्यात लागतं, आणि येणारेजाणारे म्हणतात, "वा, काय सुरेख रंगवलंय!"

मैत्रिणींनो, ते रंगवलेलं नसतं बरं का. त्यातला सूर्य हा लाकडाचा एक तुकडा, त्याखालचं पाणी दुसरा, आणि नारळीची एकेक झावळी तिसरा-चौथा. हे सगळे तुकडे ज्या हत्यारानं कापतात, तसलंच एक हत्यार माझ्या स्वयंपाकघराच्या मागच्या पडवीत टांगलेलं आहे. म्हणून म्हैसूरला गेले तेव्हा राजवाडा आणि वृंदावन बागेइतकीच ओढ मला त्या कारागिरांच्या गल्लीची होती.

माझी थोडी ओळख सांगते. मी सांगलीची. सकाळी तीन तास एका शाळेत मराठी आणि कार्यानुभव शिकवते, उरलेला वेळ घराचा. दुपारी जो तास-दीड तास मिळतो त्यात गेली सात वर्षं मी फ्रेट-सॉ चालवते. इंग्रजी यू अक्षरासारखी लोखंडी चौकट, तिच्या दोन टोकांत ताणून बसवलेलं दोऱ्यासारखं बारीक पातं, आणि खाली मूठ. पुरुषांच्या हातातली सुताराची करवत वेगळी आणि ही वेगळी. हिला जोर लागत नाही, सवय लागते. भरतकामाची सुई जिला धरता येते तिला ही करवत धरता येते, असं माझं स्पष्ट मत आहे. हिच्यावर मी दारावरच्या नावाच्या पाट्या, शुभ-लाभ, गौरीपुढची जाळीची महिरप आणि मुलांची लाकडी कोडी करते. म्हैसूरचं माझं आणि लेकीचं तिकीट त्या पैशांतून काढलं होतं. यांचं तिकीट यांनी काढलं!

मिरजेहून म्हैसूरला थेट गाडी आहे, त्यामुळे आपल्याकडच्या लोकांना जाणं सोपं. (२०१४ पासून शहराचं अधिकृत नाव म्हैसुरू झालं आहे, पण आपल्या तोंडी म्हैसूरच बसलंय.) राजवाडा सगळ्या पाहतात, त्याचं वर्णन मी करत बसत नाही. फक्त एक सांगते. पूर्वीचा राजवाडा बराचसा लाकडी होता. १८९७ साली राजघराण्यातल्या एका लग्नाच्या वेळी आग लागून तो जळाला, आणि आज दिसतो तो हेन्री आयर्विन या ब्रिटिश वास्तुकारानं आखलेला वाडा १९१२ साली पुरा झाला. तिथं अंबाविलास नावाचं दालन आहे. गर्दीच्या रेट्यात सगळे छताकडे पाहत पुढं सरकतात. तुम्ही दाराशी थांबा. ते शिसवी दार हस्तिदंतानं जडवलेलं आहे. काळ्याभोर लाकडात पांढरी नक्षी अशी बसवलीय की दुधाचा थेंब सांडावा.

आता हस्तिदंत राहिला नाही, आणि ते बरंच झालं. देशी हत्तीच्या दाताच्या व्यापारावर १९८६ मध्ये आणि बाहेरून येणाऱ्या आफ्रिकी दातावर १९९१ मध्ये कायद्यानं बंदी आली. पण कारागिराचा हात थांबला नाही. पांढऱ्या नक्षीची जागा रंगीत लाकडांनी घेतली. म्हैसूरच्या या शिसवी जडावकामाला २००५ साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

राजवाड्यापासून फार लांब नाही असा मंडी मोहल्ला म्हणून जुना भाग आहे. तिथल्या एका छोट्या कारखान्यात आम्ही गेलो. कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली, दोन बाकडी, पत्र्यातून येणारा उजेड आणि सगळ्यावर भुशाचा थर. भाषेचं काय करायचं ही चिंता होती, कारण मला कन्नड येत नाही. पण तिथले वृद्ध चाचा दखनी बोलत होते. लेकीनं पात्याला हात लावायला बोट पुढं केलं तर ते म्हणाले, "नक्को बेटी!" आपलाच 'नको' तिकडे जाऊन 'नक्को' झालेला ऐकून परकेपणा निम्मा गळाला.

त्यांची रीत अशी. आधी पूर्ण चित्र कागदावर काढतात. प्रत्येक भागाला कुठलं लाकूड ते ठरतं. पिवळं हवं तर फणस, काळं हवं तर आबनूस, गडद जांभळट तपकिरी हवं तर शिसव. कागदाचे तुकडे लाकडाच्या पातळ फळीवर चिकटवायचे आणि रेषेवरून करवत फिरवायची. मग कानशीनं कडा घासून तुकड्याला तुकडा भिडवायचा. भिंतीवरच्या चित्राचे तुकडे जोडून फळीवर डकवतात. पेटी किंवा टेबल असेल तर भरीव शिसवी लाकडात तेवढाच खळगा कोरून तुकडा आत बसवतात, आणि ते काम जास्त अवघड. माणसांचे डोळे-भुवया, हत्तीच्या झुलीवरची नक्षी हे सगळं शेवटी अणकुचीदार हत्यारानं कोरायचं. मग घासकाम आणि पॉलिश.

मी पाहत राहिले ते मात्र वेगळ्याच गोष्टीकडे. चाचांनी आभाळासाठी फिक्या लाकडाचे चार तुकडे पुढ्यात घेतले आणि एकेक तुकडा उजेडात फिरवून पाहू लागले. एकाच्या अंगच्या रेघा आडव्या, लांबट होत्या. तो त्यांनी ठेवून घेतला. "बादल इसमें हैच," म्हणाले. ढग काढायचे नव्हतेच, ते लाकडातच होते! ते शोधण्यात त्यांची दहा मिनिटं गेली.

त्या दहा मिनिटांचे पैसे कोण देतं, हा प्रश्न मला तिथंच पडला. कारण आमच्या मागोमाग आलेल्या एका बाईंनी सहज भाव पाडायला सुरुवात केली होती. "एवढंसं तर आहे," हे वाक्य मी सांगलीत माझ्या पाट्यांबद्दलही ऐकते. भाजीवालीशी घासाघीस करतो तशी आपण हातकामाशीही करतो, आणि बहुतेक वेळा करणारी बाईच असते. असो.

तर आता आपल्या पडवीतला हिशेब. नऊ इंच लांब, चार इंच रुंद पाटी. प्लायवूड, पॉलिश, काचकागद आणि मोडलेली पाती धरून मला साधारण ९० रुपये खर्च येतो. कापणं, घासणं, पॉलिशचे तीन हात मिळून चार तास. मी पाटी ५५० ला देते. म्हणजे ४६० उरले, तासाला ११५. शिकवण्यांपेक्षा फार जास्त नाही, पण भाजी चुलीवर ठेवून करता येतं, आणि मुलांच्या परीक्षेत बंद ठेवता येतं. आपला तास हिशेबात धरलाच नाही तर ५५० ची पाटी २०० ला जाते, आणि घरातले म्हणतात, "छंदच आहे, होऊ दे!"

कोड्यांत जरा बरं सुटतं. तीन मिलिमीटरच्या तीन फळ्या एकमेकींवर कागदी टेपनं घट्ट बांधायच्या आणि एकदम कापायच्या. एका मेहनतीत तीन नकाशे. महाराष्ट्राचे ३६ जिल्हे सुटे करून मुलांनी जुळवायचे. बालवाडीच्या बाई आणि वाढदिवसाची भेट शोधणाऱ्या आया हे माझं कायमचं गिऱ्हाईक. गंमत म्हणजे लाकडी कोड्यांची सुरुवातच नकाशांपासून झाली. १७६० च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीनं नकाशे फळीवर चिकटवून, देशांच्या सीमांवरून कापून मुलांना भूगोल शिकवायला विकले होते.

तुम्ही म्हणाल, आता लेझरच्या यंत्रावर दहा मिनिटांत पाटी कापून मिळते, मग ही करवत कशाला? प्रश्न खरा आहे. माझ्या घरापासून दोन चौक सोडून तसं यंत्र आहे, आणि नुसत्या प्लायवूडच्या अक्षरांत मी त्याच्याशी स्पर्धा करत नाही. करायची तर हार ठरलेली. पण म्हैसूरहून आल्यापासून मी सुताराकडून सागवान, फणस, शिसवी यांचे फेकायचे तुकडे मागून आणते. पाटीवर एक तरी पान, एक पणती वेगवेगळ्या लाकडांतून बसवते. लेझर तेही कापेल. कुठल्या तुकड्यात पणतीची ज्योत दडलीय, हे मात्र यंत्राशेजारी उभ्या असलेल्या कुणालातरी दिसावं लागतं.

कुणाला सुरू करायचं असेल तर चार गोष्टी सांगते. पात्याचे दात खालच्या बाजूला, मुठीकडे असावेत. ही करवत खाली ओढताना कापते. टेबलाच्या कडेला मध्ये खाच असलेली फळी शिकंज्यानं आवळा आणि काम तिच्यावर ठेवा. वळण आलं की करवत वळवू नका, फळी फिरवा. करवत जागच्या जागी खालीवर. आतली जाळी कापायची असेल तर आधी गिरमिटानं भोक पाडून पातं त्यातून ओवा. पात्याला मेणबत्ती घासली की ते सहज चालतं. पाती मोडतातच, सुया मोडतात तशी, डझनानंच आणा. विजेची स्क्रोल सॉ महाग पडते, ती हात बसल्यावर. आणि नाकातोंडावर फडकं हवंच. शिसवी लाकडाचा भुसा काहींना चांगलाच बाधतो, कातडीला खाज आणि नाकाला शिंका. मी घासकाम अंगणात करते, धुणं वाळत नसेल तेव्हा!

म्हैसूरला गेलात आणि चित्र घ्यायचं झालं तर ते उजेडात तिरपं धरून पाहा. प्रत्येक तुकड्याच्या रेघा आपापल्या दिशेनं गेलेल्या दिसल्या, शेजारच्या तुकड्याशी त्यांचा मेळ नसला, तर ते जोडकाम आहे. रेघा सगळ्या चित्रातून एकसारख्या आरपार गेल्या असतील तर वर रंग किंवा छपाई आहे, साहजिकच त्याची किंमत निराळी. जोडावरून नख फिरवा. ते कुठं अडकता कामा नये. आम्ही एक छोटं घेतलं, दोन हत्ती आणि एक माहूत. चाचांनी सांगितलेल्या किमतीला घेतलं. हे बाहेर आल्यावर म्हणाले, "थोडं तरी कमी करायला सांगायचंस." मी म्हटलं, "तुमच्या ऑफिसातल्या कुलकर्ण्यांची पाटी द्यायचीय, त्यांना आधी ५५० सांगून ठेवा."