वैनगंगाकाठची पत्रं

भंडारा, मंगळवार

चि. मुक्ता,
निघताना तू बजावलं होतंस की तोंडात अळी असलेलं कासव दिसलं तर फोटो पाठव. ते इथे मिळायचं नाही. तुझं ॲलिगेटर स्नॅपिंग कासव अमेरिकेतलं, मेक्सिकोच्या आखाताला मिळणाऱ्या नद्यांतलं. तळाशी जबडा वासून ते निपचित पडतं. तोंडाचा आतला भाग काळपट. त्यात जिभेवरचा गांडुळासारखा तुकडा तेवढा वळवळतो. त्यात रक्त भरलं की तो लालबुंद दिसतो. मासा खायला आला की जबडा मिटलाच! पिल्लं हा डाव जास्त खेळतात.

आपल्याकडची कासवं आमिष दाखवत नाहीत, स्वतःच दिसेनाशी होतात. ते कसं, हे पवनीहून लिहिते.

पवनी, गुरुवार

मुक्ता,
गोसीखुर्द धरण इथून वरच्या अंगाला आहे. आज एका ढीवरकाकांच्या डोंग्यातून नदीत फिरले. मऊ पाठीच्या कासवांचं सगळं अंग रेतीसाठीच घडलेलं आहे. पाठ भाकरीसारखी चपटी, वर खवल्यांऐवजी कातडी. अंग हलवून ती रेतीत रुततात आणि सोंडेसारखं नाक व डोळे तेवढे बाहेर ठेवतात. लांब मान आत आखडलेली असते. मासा टप्प्यात आला की ती सुटते आणि त्याच क्षणी घसा फुगतो, त्यामुळे पाण्याबरोबर मासाही आत ओढला जातो. गोदावरी खोऱ्यातल्या चित्रा कासवाचे डोळे तर पार नाकाशी आलेले असतात, म्हणून त्याला जवळजवळ पूर्ण लपता येतं.

साकोली, शनिवार

मुक्ता,
अखेर कासव दिसलं! कोहळी लोकांनी बांधलेले जुने मामा (माजी मालगुजारी) तलाव इकडे जागोजागी आहेत. अशाच एका तलावाच्या काठी झडपांचं कासव होतं. मागचे पाय आत घेतले की खालच्या कातडी झडपा त्यांवर मिटतात. तलाव आटला की हे चिखलात दडून राहतं. फोटो लांबूनच काढला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला पकडायला बंदी आहे.

अमेरिकेतलं कासव आमिष तोंडातच बाळगतं. आपल्या कासवांची दडायची जागा मात्र त्यांच्या अंगाबाहेर आहे, नदीत रेती आणि तलावात चिखल. नदीतली रेती उपसली, तर एवढी लांब मान असून उपयोग काय? तुमच्या विज्ञान प्रदर्शनात अळीच्या चित्राशेजारी हेही मांड.

तुझी आत्या