तडतड

रात्रीचे साडेअकरा. पंखा बंद, खिडक्या बंद, अंगाला घामाची धार. पेटीचा ट्रॅक ऐकताना पुन्हा तीच तडतड. असं झालं की पहिला संशय बिचाऱ्या केबलवर. पण तडतड दर वेळी वेगळ्या जागी येत होती, आणि एक्सपोर्ट केलेली फाइल स्वच्छ. म्हणजे रेकॉर्डिंग ठीक आहे. प्रोसेसरला वेळ पुरत नाही.

४४,१०० च्या सॅम्पल रेटला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे जेमतेम २.९ मिलिसेकंद. तेवढ्यात सगळ्या प्लगिनांचं गणित उरकलं नाही की आवाजाला भोक पडतं. बफर १०२४ केला की २३ मिलिसेकंद मिळतात, पण मग हेडफोनमध्ये स्वतःचाच गळा मागून येतो आणि लय सुटते. मिक्सिंगला चालेल, गायला नाही.

निम्मे प्लगिन बंद, मग उरलेल्यांतले निम्मे. चोर निघाला एक जुना रिव्हर्ब, आणि तोही सूर विझताना! घुमारा विरत जातो तसे आकडे शून्याच्या इतके जवळ येतात की त्या इवल्याशा संख्यांवर प्रोसेसर अडखळतो. नव्या प्लगिनांत बहुधा त्याची सोय असते. भरगच्च आवाजाला न दमणारं यंत्र जवळजवळ-शांततेने दमतं, याची मला भारी मौज वाटते.

ट्रॅक फ्रीझ केला, म्हणजे त्याचं गणित एकदाच उरकून ठेवलं. उद्या गाण्याआधी मास्टरवरचा लिमिटरही काढायला हवा. पुढचं ऐकून घ्यायला तो थांबतो आणि उशीर वाढवतो.