उन्हाचे वजन, उन्हाचा रेटा

इस्लामपुरात भौतिकशास्त्र शिकवताना सापेक्षतेचा धडा आला की मी मुलांना उसाच्या रानाचे उदाहरण देतो. आइन्स्टाइन यांचे समीकरण सगळ्यांना पाठ असते : ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग. मग कुणीतरी विचारतेच, "सर, प्रकाशाला वस्तुमान नाही म्हणता, तर ऊर्जा कुठून आली?" प्रश्न अगदी रास्त आहे. पाठ केलेले समीकरण अर्धेच आहे. ते स्थिर वस्तूपुरते खरे.

पुरे नाते असे : ऊर्जेच्या वर्गातून, संवेग आणि प्रकाशवेग यांच्या गुणाकाराचा वर्ग वजा करा. जे उरते ते वस्तुमानाचे माप. धावत्या एसटीतून पाहा की स्टँडवर उभे राहून पाहा. ऊर्जा बदलेल, संवेग बदलेल, वजाबाकीचे उत्तर मात्र तेच राहील. म्हणूनच 'वेगाबरोबर वस्तुमान वाढते' असे शिकवणे मला पटत नाही. आइन्स्टाइन यांनीही १९४८ सालच्या एका पत्रात या कल्पनेबद्दल नापसंती कळवली होती. प्रकाशाच्या बाबतीत ही वजाबाकी शून्य येते. वस्तुमान नाही, पण ऊर्जा आहे आणि तिच्या जोडीने संवेगही आहे.

आता उसाच्या रानात चला. भर दुपारी एक एकरावर सुमारे चार हजार किलोवॅट ऊन पडते. या आकड्याला प्रकाशवेगाने भागले की उन्हाचा रेटा मिळतो. अख्ख्या एकरावर मिळून तो जेमतेम दीड ग्रॅम वजनाएवढा भरतो! हा रेटा जातो कुठे? ऊस मुळांनी जमिनीला धरून आहे, म्हणून संवेग पृथ्वी घेते. ती इतकी अवाढव्य, की एवढा संवेग घेताना तिला ऊर्जा जवळपास लागतच नाही. ऊर्जा पानात राहते. त्यातला थोडा अंश साखरेत उतरतो, आणि उतरला की त्याचे वस्तुमान होते. एखाद्या कारखान्याने हंगामात दहा लाख क्विंटल साखर काढली असे धरा. ती साखर आणि ती तयार होताना पानांनी सोडलेला ऑक्सिजन यांचे एकत्र वस्तुमान, त्यासाठी लागलेल्या पाणी व कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे १८ ग्रॅमने जास्त असते. हे १८ ग्रॅम उन्हाचे. बिनवस्तुमानाच्या उन्हाचे!

यात विसंगती नाही. १९०५ च्या आपल्या तीन पानी निबंधात आइन्स्टाइन यांनी एक वस्तू घेतली, जी विरुद्ध दिशांना सारखाच प्रकाश सोडते. दोन्हींचे संवेग एकमेकांना रद्द करतात, ऊर्जांची बेरीज होते. सुटा प्रकाश बिनवस्तुमानाचा, पण जोडीला वस्तुमान आहे. आणि वस्तू तेवढीच हलकी झाली. सूर्य तर चहूबाजूंनी प्रकाश सोडतो. त्यापायी त्याचे वस्तुमान दर सेकंदाला ४२ लाख टनांहून अधिक घटते.

या घटत्या वस्तुमानाचे गणित मांडण्यात आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा वाटा आहे. १९०८ साली तिथे जन्मलेले विष्णू वासुदेव नारळीकर, म्हणजे खगोलशास्त्रज्ञ जयंतराव नारळीकरांचे वडील, केंब्रिजहून परतून १९३२ पासून बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवत होते. त्यांच्याकडे संशोधनासाठी आलेल्या प्रल्हाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये एक टिपण छापले. आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांना श्वार्त्सशिल्ड यांनी १९१६ मध्ये काढलेल्या उत्तरात ताऱ्याचे वस्तुमान कायम आणि भोवती पोकळी होती. वैद्यांनी ती पोकळी बाहेर धावणाऱ्या प्रकाशाने भरली आणि ताऱ्याचे वस्तुमान घटते ठेवले. त्या प्रकाशाची कुठलीही जागा निवडा, ऊर्जा आणि संवेग तिथे तंतोतंत जोडीने असतात. पुढे कृष्णविवरे घडताना आणि विरताना काय होते, हे तपासणाऱ्यांना हे उत्तर फार उपयोगी पडले. आज ते जगभर 'वैद्य मेट्रिक' म्हणून ओळखले जाते.

माझ्या व्यवसायबंधूंना एवढीच विनंती : बीएस्सीच्या वर्गात संवेगासह पुरे समीकरण आधी फळ्यावर लिहा, प्रसिद्ध असलेले छोटे समीकरण त्यातून मुलांनाच काढू द्या, आणि त्याच तासाला नारळीकर-वैद्य ही नावे सांगा.