ठेकेदाराच्या हाती घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असं आपल्याकडे म्हणतात. उभं घर दुरुस्तीला काढण्याबद्दल मात्र कुणी म्हण करून ठेवलेली नाही. खरं तर अनुभव म्हणून हा प्रकार पहिल्या दोन्हींपेक्षा अवघड. नवं घर बांधणारा माणूस निदान राहायला दुसरीकडे असतो. दुरुस्तीत एका खोलीत संसार कोंबून दुसऱ्या खोलीतले घणाचे ठोके ऐकत राहावं लागतं. चुलीवरच्या भातावर सिमेंटची धूळ बसते. आणि त्या सगळ्या काळात घराची किल्लीही ठेकेदाराकडे आणि घराचा पैसाही ठेकेदाराकडे.

आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचं पाणी शहरात शिरलं, त्यात आमचा मोहल्लाही गेला. २६ जुलै २००५ च्या पुराची खूण आमच्या पडवीच्या खांबावर होती. हे पाणी त्या खुणेच्या वर गेलं. आम्ही दोघं नवरा-बायको, अम्मी आणि मुलं पोटमाळ्यावर बसून राहिलो. पाणी उतरलं तेव्हा घरभर गुडघाभर गाळ होता. आजोबांनी बांधलेलं चिऱ्याचं घर. वर मंगलोरी कौलं, सागाचे वासे. भिंती उभ्या होत्या, पण प्लायवूडची कपाटं फुगून फुटली होती, दारं चौकटीत अडकली होती आणि वायरिंगच्या नळ्यांत चिखल भरला होता. सरकारी मदत आली ती गाळ काढण्यातच संपली. पुढचं काम ठेकेदाराशिवाय होणारं नव्हतं.

एरवी एखाद्या वाडीत वर्षाला दोन-चार घरं दुरुस्तीला निघतात. इथे अख्खं गाव एकाच वेळी निघालं होतं. गवंडी, सुतार, वायरमन यांचा दुष्काळ पडला. ज्याने कधी ओळंबा हातात धरला नव्हता तोही ठेकेदार झाला. त्या काळात मोहल्ल्यातल्या लोकांनी तीन रीतींनी कामं दिली, आणि तिन्हींचे अनुभव आम्ही जवळून पाहिले.

शेजारच्या खालांनी मालासकट ठेका दिला. त्यांचा मुलगा कुवेतला. तो रोज रात्री व्हिडिओ कॉलवर काम बघायचा. ठेकेदार फोन फिरवून लाद्यांची चमक दाखवायचा, मुलगा खूश होऊन पैसे पाठवायचा. पण कॅमेऱ्याला उतार दिसत नाही. न्हाणीघर वापरात आलं तेव्हा कळलं, की पाणी जाळीकडे न जाता उंबऱ्याकडे येतंय. लादी बसवण्याआधी मोरी बंद करून दोन दिवस पाणी कोंडून ठेवलं असतं तर गळतीही कळली असती, आणि लादी बसल्यावर एक बादली ओतली असती तर उतारही कळला असता. पण बादली ओतणारं माणूस घरात असावं लागतं. खालांच्या गुडघ्यांना ते जमणारं नव्हतं.

एस.टी.तून निवृत्त झालेल्या चाचांनी रोजंदारीवर माणसं लावली. ते स्वतः दारात खुर्ची टाकून बसत. सिमेंटची गोणी फुटली की तिचा हिशोब त्यांच्या वहीत चढे. माल एक घमेलंही वाया गेला नाही. मात्र दोन महिन्यांचं काम पाच महिने चाललं. रोजंदारीवरच्या माणसाला काम लवकर संपवून काय मिळणार? त्याचा उद्याचा रोज जाणार, एवढंच.

तिसरी रीत म्हणजे लेबर रेट. माल मालकाचा आणि मजुरी फुटावर. यात भांडण होतं ते मापाचं. प्लास्टर मोजताना दारं-खिडक्यांची भोकं वजा करायची की नाही, हे आधी ठरलेलं नसतं. मालक वजा करून मोजतो, ठेकेदार धरून मोजतो. वाळूच्या ब्रासचंही तसंच. शंभर घनफुटांचा ब्रास ट्रकमधून उतरेपर्यंत किती भरतो, हे फीत लावल्याशिवाय कळत नाही. शिवाय वाळू कुठली हेही विचारावं लागतं. खाडीची वाळू गोड्या पाण्यात धुतलेली नसेल तर तिच्यातलं मीठ पुढे भिंतीवर पांढरं फुटतं आणि आतली सळई गंजवतं.

आम्ही मालासकट काम दिलं, पण टप्पे पाडून. दोन पानांचा करार केला, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. आधी दारं आणि कौलं, मग वायरिंग, मग प्लास्टर, मग लाद्या आणि शेवटी रंग. प्रत्येक टप्प्याची आगाऊ रक्कम वेगळी. एकूण रकमेतला दहावा भाग पहिला पावसाळा गेल्यावर द्यायचा. आमच्या नावावर कुठल्याही दुकानातून उधार माल उचलायचा नाही. कागद बघून ठेकेदार हसला. म्हणाला, "मास्तर, तुमचा माझ्यावर भरवसा नाही काय?" त्याला आम्ही एवढंच म्हणालो, की भरवसा आहे म्हणून तर काम दिलं; कागद आहे तो विसरण्यावर उपाय. आपल्या कायद्यात तोंडी करारही करारच असतो. पण सहा महिन्यांनी त्याच्यातला कोणता शब्द कोण बोललं होतं, ते दोघांनाही वेगवेगळं आठवतं.

दिवाळीनंतर काम सुरू झालं आणि ते बरं चाललं. विजापूरकडचा एक गवंडी, त्याची बायको आणि दोन बिगारी आमच्या परसात पत्र्याची खोप घालून राहिले. गवंडी कमी बोलायचा. रोज सकाळी भिंतीला तळहात लावून बघायचा. चिरा सच्छिद्र असतो. तो पाणी पटकन पितो, पण सोडायला महिने घेतो. अशा ओल्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर आणि पुट्टी चढवली की ओल आत कोंडली जाते आणि पुढच्या वर्षी पापुद्रे सुटतात. ठेकेदाराला मात्र प्लास्टरची घाई. कारण उघड होतं, पुढची मोठी रक्कम प्लास्टरला होती. त्यावरून आम्हाला एक गोष्ट कळली. ज्या टप्प्यावर पैसा ठेवावा, त्या टप्प्याकडे काम धावतं. वायरिंग तपासून झाल्याशिवाय प्लास्टरचा हप्ता नाही असं कागदावर होतं म्हणून भिंतींना सुकायला सवड मिळाली. त्या सवडीत जुन्या नळ्या निघाल्या, बटणांचे बोर्ड पाच फुटांवर गेले, नवं अर्थिंग झालं. बाहेरच्या बाजूने तर प्लास्टर केलंच नाही, फक्त दर्जा भरून घेतल्या.

न्हाणीघरावर लहानसा स्लॅब टाकला तेव्हा त्याच्यावर गोणपाट अंथरून पाणी मारायचं काम अम्मीने अंगावर घेतलं. पीपीसी सिमेंट असेल तर काँक्रीट किमान दहा दिवस ओलं राहायला हवं. ठेकेदाराची माणसं तिसऱ्या दिवशी विसरतात. अम्मी विसरली नाही.

आतल्या प्लास्टरचा हप्ता आम्ही जानेवारीत दिला. अर्ध्या भिंती झाल्या आणि ठेकेदार यायचा बंद झाला. आधी फोन उचलेना, मग फोनच लागेना. चौकशी केली तेव्हा कळलं, की त्याने सात-आठ घरं एकदम घेतली होती. आमच्या आगाऊ रकमेतून त्याने आधीच्या घराची देणी भागवली होती आणि आमचं काम पुढच्या घराच्या आगाऊ रकमेवर चालायचं होतं. ती मिळाली नाही आणि साखळी तुटली. त्याला सरसकट लबाड म्हणायला आमची जीभ धजत नाही. त्याचं मिक्सर, सेंट्रिंगच्या प्लेटा, गोदामातलं सिमेंट, सगळं त्याच पुरात गेलं होतं. तोही आमच्याच पैशावर पुन्हा उभा राहू बघत होता. फक्त ते त्याने आम्हाला विचारलं नव्हतं.

खरा पेच वेगळाच होता. शनिवारी संध्याकाळी गवंडी पायरीवर येऊन उभा राहिला. दोन आठवड्यांची मजुरी थकली होती. "साब, हमारा हिसाब उनके पास है," एवढंच तो म्हणाला. पैसे मागितले नाहीत. त्याच्या मागे त्याची बायको उभी होती, हातात रिकामा डबा.

त्या रात्री आमच्यात वाद झाला. आमच्यापैकी एकाचं म्हणणं, की आपण मजुरी एकदा दिली आहे. दुसऱ्याच्या देण्याची भरपाई किती वेळा करायची? उद्या दुकानदार येईल, परवा लादीवाला. दुसऱ्याचं म्हणणं, की भिंत आपल्या घराची आहे. या माणसाचे चौदा दिवस त्या भिंतीत आहेत. पैसे वाटेत कुठे थांबले, हे त्याच्या मुलांना काय सांगायचं? दोन्ही म्हणणी खरी होती, म्हणून वाद मिटत नव्हता.

ग्राहक मंचाचा विचारही झाला. गृहबांधणीचं काम १९९३ च्या दुरुस्तीपासून ग्राहक कायद्यातल्या 'सेवा' या शब्दात येतं. २०१९ च्या नव्या कायद्यातही ते आहे. दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. हे सगळं आम्ही काढून ठेवलं. ज्यांची मोठी रक्कम बुडाली त्यांनी तो रस्ता जरूर धरावा. पण आयोगाचा निकाल जूनच्या पावसाआधी लागणार नव्हता, आणि लागला तरी तो आमच्या पैशाचा असणार होता. परसातल्या खोपीत चूल पेटायची होती ती उद्या.

शेवट वहीने केला. करारात प्रत्येक टप्प्याच्या रकमेपुढे मजुरी किती आणि माल किती, हे वेगळं लिहिलेलं होतं. ती ओळ वाचली आणि वाद संपला. मजुरी म्हणून लिहिलेली रक्कम ठेकेदाराची नव्हतीच. ती आमच्याकडून निघून गवंड्याकडे जायची होती. ठेकेदाराकडे ती अमानत होती. ती वाटेत अडकली म्हणून गवंड्याचा हक्क कमी होत नाही, आणि आमचाही ठेकेदारावरचा हक्क कमी होत नाही. आम्ही चौघांची दोन आठवड्यांची मजुरी रोख दिली, वहीत त्यांच्या सह्या आणि अंगठे घेतले. ही रक्कम पुढच्या हिशोबातून वळती होईल असं पत्र ठेकेदाराला रजिस्टर पोस्टाने पाठवलं. हार्डवेअरचा दुकानदार आला, त्याला मात्र कराराचं पान दाखवलं. आमच्या सहीशिवाय गेलेला माल आमचा नाही. तो कुरकुरला, पण त्याच्याकडेही आमच्या सहीची चिठ्ठी नव्हती. त्याचं येणं ठेकेदाराकडे होतं, ते त्याने तिकडेच मागायचं होतं.

हे सोपं गेलं असं नाही. त्या महिन्यात अम्मीच्या दोन बांगड्या सोनाराकडे गेल्या. पुढचं काम आम्ही थेट गवंड्याकडून करून घेतलं, दर शनिवारी त्याच्या हातात मजुरी ठेवून.

मार्चमध्ये ठेकेदार आला. उन्हाने काळवंडला होता. पडवीत बसला, पाणी प्यायला, वही बघितली. आम्हाला वाटलं होतं की मजुरीच्या वळतीवरून तो भांडेल. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "त्यांचे पैसे दिलेत, बरं केलंत. ती माणसं गावाकडे गेली असती तर मला या पेठेत कुणी दारात उभं केलं नसतं." लाद्या आणि रंग त्यानेच पुरे केले. ईद ३ मेला होती, त्याच्या आठवडाभर आधी घर आमच्या ताब्यात आलं. राखून ठेवलेला दहावा भाग आम्ही सप्टेंबरमध्ये, कौलं गळत नाहीत हे बघून, वळती कापून दिला. वळती त्या दहाव्या भागात पुरी बसली नाही. थोडी रक्कम अजून येणं आहे. तो ती नाकारत नाही आणि देतही नाही.

आज मोहल्ल्यात कुणी घर काढलं की आम्हाला चांगल्या ठेकेदाराचं नाव विचारतात. आम्ही सांगतो, की चांगला ठेकेदार शोधा, पण त्याच्या चांगुलपणावर सगळं ओझं टाकू नका. अडचणीच्या दिवसांत चांगल्या माणसाच्या हातातही दुसऱ्याचे पैसे एकमेकांत मिसळतात. आगाऊ रक्कम देताना तिच्यात कुणाकुणाचा वाटा आहे ते त्याच्यासमोर लिहा: दुकानाचा किती, मजुराचा किती आणि त्याच्या स्वतःच्या मेहनतीचा किती. दर शनिवारी कामावरच्या माणसाला सरळ विचारा, की मजुरी मिळाली का. हे विचारण्यात ठेकेदाराचा अपमान नाही. त्याने ते आपल्यावर ओढवून घेतलं तर काम सुरू होण्याआधीच कळलेलं बरं.

दुरुस्ती झाली तरी नदी तिथेच आहे. पाऊस वाढला की आम्ही आजही रात्री उठून पुलाकडे बघून येतो. बोर्ड वर गेले, ओट्याखाली कडाप्प्याचे कप्पे आले, कागदपत्रं पोटमाळ्यावरच्या पेटीत गेली. त्याच पेटीत ती वहीही आहे, सह्यांसकट आणि अंगठ्यांसकट. पुन्हा घर काढायची वेळ आलीच, तर पहिलं पान कुठून सुरू करायचं ते आम्हाला ठाऊक आहे.