ती रात्र

माझे अब्बा मालेगावात यंत्रमागावर काम करत. त्यांना विडीचे व्यसन होते. एका रात्री त्यांच्या छातीत दुखू लागले. डाव्या हातात कळ आली, दरदरून घाम फुटला. "पित्त असेल," असे म्हणून आम्ही त्यांना सोडा दिला. थोड्याच वेळात ते कोसळले. श्वास थांबला. आम्ही नुसते रडत राहिलो. अब्बा गेले.

अशी लक्षणे दिसताच 108 क्रमांकावर फोन करा. माणूस बेशुद्ध असेल आणि श्वास घेत नसेल, तर त्याला उताणे झोपवा. तळहातावर तळहात ठेवून छातीच्या मधोमध जोराने दाबा. छाती 5 सेंटीमीटर तरी दबली पाहिजे. मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबा. मदत येईपर्यंत थांबू नका.

त्या रात्री मला हे ठाऊक नव्हते. तुम्हांला आता ठाऊक आहे.