निळ्या ढालीवरची पेंढी

माझी पस्तीस वर्षे दिवाणी न्यायालयात लेखणी चालवण्यात गेली. बांध, पाणंद, विहिरीची पाळी, देवळाचा मान यांवरून एकमेकांची तोंडे न पाहणारी माणसे मी रोज पाहिली. तेव्हा परमुलखात गेल्यावर तरी दावे-फिर्यादी डोक्यातून जाव्यात, अशी माझी अपेक्षा होती. पण सवय सुटत नाही म्हणतात, ते खरे.

2018 च्या उन्हाळ्यात मुलीकडे मँचेस्टरला राहिलो होतो. एके दिवशी जावयाने आगगाडीने चेस्टरला नेले. चेशायर परगण्याचे हे मुख्य शहर. रोमन लोकांपासूनचा इतिहास, भोवती चालत फिरता येईल असा तट. पण माझे लक्ष वेधले ते एका साध्या वस्तूने. नगराच्या चिन्हात एका अंगाला सिंह आणि दुसऱ्या अंगाला चक्क गव्हाची पेंढी! तीही एक नव्हे, दीड. दोन ढाली उभ्या कापून जोडल्यामुळे तीन सिंह अर्धे झाले आणि तीन पेंढ्यांच्या दीड उरल्या. सुगीत अशा पेंढ्या बांधलेला मी माणूस. परक्या देशात घरचे कोणी भेटावे तसे वाटले.

पेंढी ही चेस्टरच्या जुन्या अर्लांची खूण. निळी ढाल, तीवर तीन सोनेरी पेंढ्या. 1237 मध्ये तो वंश संपला आणि पुढे ती जहागीर राजाकडे गेली, पण पेंढी परगण्यात राहिली. तिथल्या कितीतरी घराण्यांच्या ढालींवर ती आहे. एका घराण्याची दोन शिरस्त्राणे आणि खाली एक पेंढी. त्या घराण्याचे नाव लिहिताना अर्धी ओळ खाते आणि उच्चार मात्र नुसता 'चमली'. आपल्याकडे मोडी वाचणाऱ्यालाही इतके कष्ट पडले नसतील.

परगण्यातल्या सर्वांत मोठ्या घराण्याची, ग्रोव्हनरांची, पेंढी मात्र वारशाने आलेली नाही. ती दावा हरल्यावर आलेली आहे. हे कळले आणि माझ्यातला कारकून जागा झाला. मुलीच्या गावच्या वाचनालयातून पुस्तके आणवली आणि आठ दिवस तो दावा वाचत बसलो.

1385 साली दुसरा रिचर्ड राजा स्कॉटलंडवर चालून गेला. सैन्यात यॉर्कशायरचे सर रिचर्ड स्क्रूप होते आणि चेशायरचे सर रॉबर्ट ग्रोव्हनर. दोघांच्या ढाली सारख्या निघाल्या : निळ्या जमिनीवर सोनेरी तिरका पट्टा. चिलखतात माणसाचा चेहरा दिसत नसे. ढाल हीच ओळख. तेव्हा दोन घराण्यांची एक खूण म्हणजे दोन माणसांची एक सही. स्क्रूपांनी फिर्याद केली. शिलेदारांच्या न्यायालयात ती चालली.

साक्षीदार शेकड्यांनी होते. कमिशन मठामठांतून फिरले. कुणी खिडकीच्या काचेतली ढाल दाखवली, कुणी थडग्यावरची. म्हाताऱ्या सरदारांनी अमक्या लढाईत हा पट्टा पाहिला, अशी शपथेवर सांगितले. स्क्रूपांच्या बाजूने राजाचा चुलता जॉन ऑफ गाँट उभा राहिला. ग्रोव्हनरच्या बाजूला मुख्यतः चेशायर-लँकेशायरची माणसे. वेल्सचा ओवेन ग्लेंडोवर, ज्याने पुढे 1400 मध्ये इंग्लंडविरुद्ध बंड केले, तोही त्यांत होता.

1386 मध्ये जेफ्री चॉसर या कवीचीही साक्ष झाली. त्याने सांगितले, की लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना त्याला ही ढाल एका घराबाहेर टांगलेली दिसली. स्क्रूपांची ढाल इथे कुणी लावली, असे त्याने विचारले, तेव्हा ती स्क्रूपांची नव्हे, चेशायरच्या ग्रोव्हनर नावाच्या सरदाराची, असे उत्तर मिळाले. त्या दिवसापूर्वी आपण ग्रोव्हनरचे नावसुद्धा ऐकले नव्हते, असे चॉसरने नोंदवले.

हे वाचून मी पुस्तक मिटले. अशी एक साक्ष माझ्या घरात होऊन गेली आहे.

आमच्या गावच्या जत्रेत पालखीच्या पुढच्या खांद्याचा मान थोरल्या वाड्याचा की आमचा, यावरून 1961 साली आमची भावकी कोर्टात गेली. वडिलांच्या बाजूने गावातले बारा-तेरा म्हातारे बोलले. त्यांना तारखा सांगता येईनात. 'प्लेगाच्या आदल्या साली', 'बैल चोरीला गेले त्या साली' अशी त्यांची साले. समोरच्या बाजूने शहरात राहणारे, शिकलेले एक गृहस्थ आले. या घराण्याला मान असल्याचे आपण कधी ऐकले नाही, एवढेच ते म्हणाले. ते खोटे बोलले नाहीत. त्यांनी ऐकलेच नव्हते. पण 'ऐकले नाही' याचा अर्थ कागदावर उतरताना 'नव्हते' असा झाला. पुढे मी स्वतः हजारो जबाब उतरवून घेतले आणि या दोन शब्दांतले अंतर मला कधी विसरता आले नाही.

चॉसरही खोटा नव्हता. लंडनला चेशायर दूर होते. आणि मला वाटते, स्क्रूप आणि ग्रोव्हनर हेही दोघे खरेच असावेत. ढालींची नोंद ठेवणारे कॉलेज ऑफ आर्म्स निघाले 1484 मध्ये, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांनी. तोवर दोन टोकांच्या दोन घराण्यांनी एकच खूण प्रामाणिकपणे वापरली, तर दोष कुणाचा?

1389 मध्ये निकाल लागला. ढाल स्क्रूपांची, ग्रोव्हनरने हवी तर तीच ढाल पांढऱ्या किनारीसह वापरावी. ग्रोव्हनरने ते नाकारून राजाकडे दाद मागितली. 1390 मध्ये राजाने सांगितले, की किनारीचा फरक हा रक्ताच्या भाऊबंदांसाठी असतो. परक्याला तो देता येत नाही. पट्टा गेला तो गेलाच, वर किनारही गेली.

आमच्याकडेही पंचांनी किनार देऊ केली होती. पुढचा खांदा त्यांचा, मागचा डावा आमचा. आम्ही तर रक्ताचे भाऊबंद. पण वडील म्हणाले, "मागचा खांदा म्हणजे मान न्हवं, हमाली." दावा चालू राहिला. 1968 मध्ये आम्ही हरलो. मागचा खांदाही गेला आणि नदीकाठचा दोन एकरांचा तुकडा वकिलांच्या फीत गेला. त्यानंतर वडिलांनी जत्रेची पालखी कधी पाहिली नाही. वाजंत्री वेशीपाशी आली, की ते आतल्या खोलीत जाऊन दार ओढून घेत.

ग्रोव्हनरने काय केले? त्याने पट्टा उतरवला आणि त्याच निळ्या ढालीवर एक सोनेरी पेंढी घेतली. आपण चेस्टरच्या जुन्या अर्लांचे नातलग, असे ते घराणे सांगे. त्यांच्या तीन पेंढ्यांतली एक त्याने उचलली. सहाशेहून अधिक वर्षे झाली, ती पेंढी आहे. बोल्टनच्या स्क्रूपांची सरदारकी 1630 नंतर कुणी चालवली नाही. ग्रोव्हनर पुढे ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर झाले. हे पेंढीच्या पुण्याईने झाले, असे मी म्हणणार नाही. 1677 मधल्या एका लग्नात लंडनच्या जमिनी मिळाल्या, हे त्याचे खरे कारण. आणि ते हार विसरले होते असेही नाही. 1880 ची डर्बी शर्यत जिंकणाऱ्या ड्यूकच्या घोड्याचे नाव होते 'बेंड ऑर', म्हणजे सोनेरी पट्टा! चारशे नव्वद वर्षांपूर्वी न्यायालयाने काढून घेतलेला पट्टा त्यांनी घोड्याच्या नावात पळवून आणला. मला हसू आले आणि मग एकदम आईची आठवण झाली.

दावा हरल्यावरच्या पहिल्या जत्रेला वडील आत बसले होते. पालखी दारावरून जाताना आईने चौकटीतून पाहिले. भोई उन्हाने करपले होते, त्यांत थोरल्या वाड्याची मुलेही होती. तिने घागर उचलली, पाण्यात गूळ विरघळवला आणि अंगणात जाऊन उभी राहिली. पालखी थांबली. सगळ्यांनी गूळपाणी घेतले. पुढच्या वर्षी दोन घागरी झाल्या. आता तिथे पालखी थांबते, ती थांबायचीच म्हणून. पोरेसोरे आमच्या घराला 'गूळपाण्याचं घर' म्हणतात. पुढच्या खांद्याचा दावा त्यांना ठाऊकही नाही. हा मान आम्हांला कुणी दिला नाही, म्हणून कुणी काढूनही घेऊ शकत नाही.

इतकी वर्षे मी समजत होतो, की आमच्या घराण्याची गोष्ट 1968 च्या निकालापाशी संपली. ती तिथून पुढे आईने चालवली होती, हे कळायला मला चेस्टरची दीड पेंढी पाहावी लागली.

वडील 1991 मध्ये गेले. त्या वर्षीची जत्रा त्यांनी नेहमीप्रमाणे आतल्या खोलीतच काढली. वाजंत्री लांब गेल्यावर मी दार उघडले. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. वळले नाहीत. फक्त म्हणाले, "पाणी पुरलं न्हवं सगळ्यांस्नी?"