शालीची उलटी बाजू
एलिझाबेथ गॅस्केलच्या ‘नॉर्थ अँड साउथ’च्या पहिल्याच प्रकरणात मार्गारेट हेल मावशीच्या भारतीय शाली अंगावर घेऊन उभी राहते. लग्न मावसबहीण ईडिथचं. पण तिला झोप लागलेली, म्हणून आलेल्या बायकांना शाली दाखवायचं काम मार्गारेटकडे येतं. शालींना मसाल्यांसारखा वास आहे आणि तो तिला आवडतो. ही कादंबरी 1854-55मध्ये डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः आली. व्हिक्टोरियन साहित्य शिकवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यातली कितीतरी वर्षं मी या वासाच्या मागावर होते.

आम्हाला शिकवताना शाल म्हणजे मार्गारेटचा आब, तिचं देखणेपण, फार तर साम्राज्याची सावली, एवढंच सांगितलं जाई. ते चूक नाही. पण प्रतीक होण्याआधी शाल ही शाल असते. ती कशाची आहे, कुणी विणली, लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या दिवाणखान्यात कुठून आली, हे विचारायला सुरुवात केली आणि माझा विषयच बदलला.

तो वास बहुधा पचौलीचा. कसर लागू नये म्हणून काश्मिरी शालींच्या घड्यांत पचौलीची वाळलेली पानं घालत. युरोपातली गिऱ्हाइकं पुढे अस्सल माल वासावरून पारखू लागली, तेव्हा नक्कल करणाऱ्यांनीही पचौली मागवली. शालीतली लोकर लडाखकडच्या चांगथांगच्या बकऱ्यांची. सूत कातायच्या श्रीनगरच्या बायका, विणायचे पुरुष, रंगागणिक वेगळ्या छोट्या लाकडी कांड्यांवर. भरगच्च नक्षीच्या एका शालीला वर्ष-दीड वर्ष सहज लागे. आणि 1846च्या अमृतसरच्या तहात असं कलम होतं की काश्मीरचा महाराजा झालेल्या गुलाबसिंगाने इंग्रज सरकारला दरवर्षी एक घोडा, बारा बकऱ्या आणि काश्मिरी शालींच्या तीन जोड्या द्याव्यात. पेशवाईतल्या शालजोड्या ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा हिशेब परका वाटणार नाही. विणकरांवरचा कर मात्र इतका जाचक होता की 29 एप्रिल 1865 रोजी ते श्रीनगरच्या झालडगरला जमले. फौज त्यांच्यावर चालून गेली आणि कित्येक विणकर जिवाला मुकले. ही घटना मला कोणत्याही इंग्रजी कादंबरीत भेटली नाही. मार्गारेटच्या खांद्यावरच्या शालीचा धागा धरून मी तिथे पोचले.

नकलेचीही गोष्ट मोठी आहे. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावाने जॅकार्ड मागावर आपल्या कोयऱ्या अशा विणल्या की जगभर त्या नक्षीला गावाचंच नाव चिकटलं. समोरून पाहिलं तर भलेभले फसतात. शाल उलटी केली की फरक कळतो: पेझ्लीच्या मागे कापलेल्या धाग्यांचे तुकडे दिसतात, तर काश्मिरी विणीत रंगाचे धागे एकमेकांत अडकून बारीक उंचवटे उमटलेले असतात. संग्रहालयाच्या भांडारात मला हे प्रथम दाखवलं, तेव्हा कादंबरीसुद्धा अशीच उलटून वाचता येते हे उमगलं. 1870च्या सुमारास मागे फुगवलेल्या घागऱ्यांची फॅशन आली, त्यावर शाल नीट बसेना. मागणी आटली आणि पेझ्ली व श्रीनगर दोन्हीकडच्या मागांना त्याची झळ लागली.

पण मी पुन्हा पुन्हा जाते ते मार्गारेट मिल्टनला राहायला आल्यानंतरच्या एका परिच्छेदाकडे. मिल्टन म्हणजे कादंबरीतलं मँचेस्टर. गिरण्या सुटल्यावर रस्ता भरून जातो. कामगार मुली तिच्या कपड्यांवर मोकळेपणी बोलतात आणि कापड नेमकं कसलं हे पाहायला तिच्या शालीला हात लावतात. गॅस्केल त्यांना नावं देत नाही. मार्गारेट आधी बिचकते, मग त्यातला साधा आपलेपणा तिला कळतो. दिवसभर सुताशी झटणारी ही बोटं काय शोधत असतील? या कादंबरीतली शाल सर्वांत जाणतेपणाने त्यांनीच वाचली, असं मी मानते. विद्यार्थ्यांना मी याच मुलींवर लिहायला सांगत असे. कुणी त्यांच्या मजुरीचा शोध घेई, कुणी अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेल्या कापसाचा. दरवेळी काहीतरी नवं हाती येई.

आता निवृत्त झाले आहे, आणि फारसी शिकते आहे. काश्मीर दरबाराचा जुना कारभार त्या भाषेत चाले. शालींवरच्या कराचे कागद मला इंग्रज अधिकाऱ्यांच्या सारांशातून नाही, मुळातून वाचायचे आहेत.